तिसऱ्या बाजूचं बिस्किट

हे तुम्हाला खरं वाटणार नाही. आजवर कुणालाच वाटलेलं नाही. स्टॉकपोर्टच्या ग्रामोफोन मंडळात हे सांगितलं, तेव्हा तिथला खजिनदार मुकाट्याने उठला आणि त्याने खिडकी उघडली. पण चहाची किटली उकळायला अजून अवकाश आहे, मिस डॉब्स मध्यंतरानंतरच्या तबकड्या पुसताहेत, आणि बाहेर पडावं म्हटलं तर धुक्यात स्वतःचा हात दिसत नाही. तेव्हा ऐका. मिस डॉब्स, तुम्ही पुसत राहा, तुमच्या कानांना काही काम नाही.

तर लढाईच्या आधी क्रॉयडनला विल्फ्रेड ऑर्मरॉड नावाचा एक गृहस्थ राहायचा. पोटासाठी तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि जगायचा ते 'हॉर्न अँड कॅबिनेट' मासिकासाठी. महिन्याला ज्या नव्या तबकड्या निघायच्या, त्यांतल्या छोट्या वाद्यमेळाच्या तबकड्यांचं परीक्षण त्याच्याकडे. आता त्या मासिकाचा दबदबा काय सांगावा? मासिकाने 'घ्या' म्हटलं की माणसं आठवडाभर दुपारचं जेवण सोडून तबकडी घ्यायची, आणि 'नको' म्हटलं की आधी घेतलेली तबकडी पाहुणे आले की पलंगाखाली सरकवायची.

ऑर्मरॉड काटेवाल्यांपैकी होता. तरुण मंडळींना सांगायला हवं, तेव्हा आपल्या लोकांत दोन पंथ होते. पोलादवाले तबकडीवर पोलादी सुई टेकवायचे, काटेवाले निवडुंगाचा काटा. काटा दर बाजूनंतर पॉलिश कागदावर घासून टोकदार करावा लागे. पोलादवाले म्हणायचे, काट्यातून ऐकणं म्हणजे रजईतून ऐकणं. काटेवाले म्हणायचे, पोलादाने ऐकणं म्हणजे लोहाराकडून दाढी करून घेणं. दोन पंथांत सोयरीक होत नसे. एकदा झाली होती, ब्रायटनला, पण ती मुलगी माहेरी परत आली.

आणि ऑर्मरॉडचा कर्णा. टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टऱ्यांची पानं खळीने एकावर एक चिकटवून केलेला. घरात आणताना खिडकी चौकटीसकट काढावी लागली होती. तोंड केवढं, तर हेस्टरचं, म्हणजे ऑर्मरॉडच्या बायकोचं, चांगलं गलेलठ्ठ मांजर रोज दुपारी आत शिरून झोपायचं आणि त्याच्या शेपटीचं टोकसुद्धा बाहेर दिसायचं नाही. कर्णा आला त्या दिवशी हेस्टरची आरामखुर्ची स्वयंपाकघरात गेली, ती तिकडेच राहिली.

ऑर्मरॉडला दारूचं व्यसन नव्हतं, घोड्यांचं नव्हतं. त्याला एकच खोड होती. मागे काहीतरी वाजलं, तर ते काय वाजलं याचा छडा लागेपर्यंत त्याला अन्न गोड लागत नसे. व्हिएन्नाच्या एका तबकडीत त्याला मागे पुसट घंटा ऐकू आली. दुसरा कुणी असता तर तबकडीत दोष आहे म्हणून मोकळा झाला असता. याने व्हिएन्नाला पत्रांवर पत्रं धाडून शोधून काढलं, की ध्वनिमुद्रण चाललं होतं त्या खोलीखाली आईस्क्रीमवाला उभा राहायचा. मग परीक्षणात छापलं, की वादन उत्तम, आईस्क्रीम बहुधा व्हॅनिला. वाचक खूश. असा कान साऱ्या इंग्लंडात नाही, असं मेजर लॅंगरिश म्हणाले. मेजर म्हणजे संपादक. तोफखान्यात होते, त्यामुळे त्यांच्या एका कानाला ऐकू येत नव्हतं आणि दुसऱ्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

तर एका मार्चमध्ये ऑर्मरॉडकडे चेलो आणि पियानोच्या एका सोनाटाचा, म्हणजे दोन वाद्यांच्या तीन-चार भागांच्या लांब रचनेचा, तबकड्यांचा संच परीक्षणाला आला.

कुणाची सोनाटा म्हणताय, मिस्टर हिबर्ट? ते नका विचारू. तबकड्या आता मिळत नाहीत, आणि उद्या तुम्ही उगाच दुकानदाराचं डोकं खाल.

पियानोवर लुशियन फ्रेन होते. मोठा माणूस, मोठा अहंकार, आणि पोट मात्र नाजूक. ऑर्मरॉडने काटा घासला, पहिली बाजू ऐकली, दुसरी ऐकली. तिसऱ्या बाजूवर संथ भाग सुरू झाला. पियानो थांबला. चेलो एकटा खाली उतरत उतरत खर्जाच्या तळाला जाऊन टेकला, आणि तिथे, त्या खर्जाच्या आड, अगदी बारीक:

कुर्र. कुर्र कुर्र.

ऑर्मरॉडने काटा उचलला. नवा काटा बसवला. पुन्हा खर्ज, पुन्हा कुर्र. त्याने शाळेला आजारी असल्याचं कळवलं आणि दुकानातून त्याच संचाची दुसरी प्रत आणली. त्यातही त्याच जागी कुर्र.

“हेस्टर, इकडे ये. काय वाजतंय सांग.”

हेस्टर पिठाचे हात घेऊन दारात उभी राहिली. “कुणीतरी काहीतरी खातंय.”

“तेच म्हणतो मी. काय खातंय?”

“विल्फ्रेड, मला आत पाव भाजायचाय.”

“पाव नाही हा. पाव असा वाजत नाही.”

पुढचे दोन दिवस त्याने घरात जे जे कुरकुरीत होतं ते चेलोबरोबर खाऊन पाहिलं. टोस्ट खाल्ला, सफरचंद खाल्लं, सेलरीची काडी खाल्ली, हेस्टरच्या भावाने ठेवलेला जहाजावरचा पाव खाऊन एक दाढ हलवून घेतली. शेवटी आल्याचं बिस्किट तोंडात घातलं आणि त्याचा चेहरा उजळला. तोच आवाज. आधी कडक, मग भुसभुशीत. चेलोवाल्याचे दोन्ही हात कामात. पियानोला त्या जागी लांब विसावा. म्हणजे खाणारा कोण, हे शेंबड्या पोरालाही कळावं.

एप्रिलच्या अंकात छापून आलं: 'संथ भाग अतिशय भावपूर्ण. मात्र तिसऱ्या बाजूला, चेलो एकटा असताना, श्री. फ्रेन आल्याचं बिस्किट खात आहेत. ते त्यांनी आधी किंवा नंतर खावं, असं सुचवावंसं वाटतं.'

आता खरी गंमत सुरू झाली. मासिकाच्या पत्रांच्या पानाला जणू पूर आला. लीड्सच्या एका पाद्र्याने लिहिलं, की ऑर्मरॉडसाहेबांच्या कानाला दंडवत, आम्ही आधी दहादा ऐकूनही आम्हाला बिस्किट ऐकू आलं नव्हतं, परीक्षण वाचल्यावर लगेच आलं. ॲबरडीनच्या माणसाला ते ओटच्या भाकरीसारखं वाटलं. नौदलातल्या एका निवृत्त माणसाने छातीठोकपणे सांगितलं, की बिस्किट जहाजावरचं आहे आणि त्यात किडे आहेत. एका बाईंनी लिहिलं, की बिस्किट संपल्यावर बोटं झटकल्याचंही ऐकू येतं. संच धडाधड खपू लागला. लोक चेलो ऐकायला नव्हे, बिस्किट ऐकायला घेत होते.

पण पोलादवाल्यांना काहीच ऐकू येईना. त्यांचा म्होरक्या बेझिल थ्वेट, हाही त्याच मासिकात लिहायचा, ऑपेराच्या तबकड्यांवर. त्याची नजर कित्येक वर्षं ऑर्मरॉडच्या सदरावर होती. त्याने मेच्या अंकात लिहिलं: 'मी तिसरी बाजू पोलादी सुईने ऐकली. बिस्किट नाही. काटेवाल्यांना भूक लागली असल्यास त्यांनी निवडुंग खावा.'

आणि फ्रेनसाहेब तर पेटले. माझ्या पोटाच्या विकारामुळे वैद्याने मला बिस्किट वर्ज्य केलंय, मी बिस्किटाला शिवतसुद्धा नाही, असं त्यांनी वकिलामार्फत कळवलं. तबकडीच्या कंपनीनेही मासिकाला जाहिराती देणं थांबवलं. जाहिराती गेल्या, म्हणजे मासिकाचा कणाच गेला.

मेजरनी ऑर्मरॉडला सोहोमधल्या कचेरीत बोलावून घेतलं. कचेरी छत्र्यांच्या दुकानाच्या वर होती.

“ऑर्मरॉड, बसा. या कानाच्या बाजूला बसा. बिस्किट आहे की नाही?”

“आहे, मेजर.”

“थ्वेट म्हणतात नाही.”

“थ्वेट लोहाराच्या हत्याराने ऐकतात.”

“ते सगळं मला माहीत आहे. मला एवढंच सांगा, मी ऐकलं तर मला ऐकू येईल?”

“माझ्याकडे या. माझ्या कर्ण्यावर ऐका.”

“येतो. रविवारी चहाला येतो. फ्रेनना आणतो, थ्वेटनाही आणतो. बिस्किट ऐकू आलं, तर मी तुमच्या पाठीशी, जाहिराती गेल्या चुलीत. नाही आलं, तर जूनच्या अंकात माफी, आणि तुमचं सदर थ्वेटना.”

ऑर्मरॉड ट्रामने घरी आला. पंधरा वर्षांचं सदर. भूगोल शिकवणारे क्रॉयडनमध्ये पैशाला पासरी होते, पण त्याच्यासारखं ऐकणारा तो एकटाच होता, आणि तेही काढून घेतलं, तर मागे उरणार होता नुसता भूगोल.

जेवताना हेस्टर म्हणाली, “आज कोळशाची गाडी गेली ना, तेव्हाही तुझं ते बिस्किट वाजलं.”

“तू तबकडी लावली होतीस?”

“मी कशाला लावू? तबकड्या कपाटात होत्या. मी पडदे झटकत होते.”

“तुझ्या मनात बसलंय ते, हेस्टर. चांगल्या संगीताचं असंच होतं.”

“गाडी पुढे गेली आणि बिस्किट थांबलं. माझं मन काय कोळशाच्या गाडीवर चालतं?”

ऑर्मरॉडने सूप पिता पिता चमचा खाली ठेवला. मनात पाल चुकचुकली. तो उठला, पुढच्या खोलीत गेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने त्या कर्ण्यात खांद्यापर्यंत डोकं घातलं.

आत उजेड होता. कर्ण्यात उजेड नसायला हवा. वळणापाशी मुठीएवढं भोक पडलं होतं, आणि भोकाच्या काठावर एक करडा उंदीर मागच्या पायांवर बसून डिरेक्टरीचं पान खात होता. वाचनालयात आपण फार जवळून डोकावलो की आधीपासून बसलेला वाचक जसा बघतो, तसं त्याने ऑर्मरॉडकडे पाहिलं. स्मिथ आडनावाची सगळी मंडळी त्याने फस्त केली होती. आता तो 'थ्वेट'पाशी आला होता.

साऱ्या इंग्लंडात आवाजाचा छडा लावत फिरणाऱ्या माणसाची ही गत. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

कुणीही काय केलं असतं? कपाळावर हात मारला असता, पिंजरा लावला असता, मेजरला तार केली असती. ऑर्मरॉडने यातलं काही केलं नाही, कारण एका गोष्टीने त्याला छळायला सुरुवात केली. हा उंदीर खर्जालाच का खातो? त्याने तुताऱ्यांची तबकडी लावली, उंदीर गप्प. उंच पट्टीत गाणाऱ्या सोप्रानो गायिकेची लावली, उंदीर भोकातून पळाला आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेपर्यंत फिरकला नाही. सोनाटाची तिसरी बाजू लावली, चेलो खाली उतरला, कर्णा थरथरू लागला, आणि कुर्र. तेव्हा त्याला उलगडलं. खर्ज चालू असला की आपलं चावणं कुणाला ऐकू जात नाही, असा त्या उंदराचा हिशेब होता. कोळशाच्या गाडीलाही तो याच हिशेबाने चावत होता. चोर हुशार होता, फक्त घर ऑर्मरॉडचं होतं.

“मग आता?” हेस्टरने विचारलं.

“बिस्किट नव्हतं.”

“ते मला दिसतंय. रविवारी काय सांगणार?”

“खरं सांगितलं तर सदर गेलं.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर त्या फ्रेनवर मी खोटा आळ घेतला, तो तसाच राहिला.”

“तुझ्याच्याने खोटं बोलवणार नाही, विल्फ्रेड. तुझे कान लाल होतात.”

“मला बोलायचंच नाहीये. तबकडी लावायची आहे.”

रविवारी तिघं आले. मेजर आपला बरा कान कर्ण्याकडे करून बसले. थ्वेट खिडकीपाशी उभा राहिला आणि त्याने खिशातून पोलादी सुयांची डबी काढून कपाटावर ठेवली, आपण आल्याची खूण म्हणून. फ्रेनसाहेब खुर्चीच्या कडेवर. हेस्टरने चहा आणला, काकडीचे सँडविच आणले, आणि, मुद्दाम की कसं कोण जाणे, आल्याच्या बिस्किटांची बशी आणली. बशीला कुणी हात लावला नाही.

ऑर्मरॉडने काटा टेकवला. पियानो थांबला. चेलो उतरला, तळाला टेकला. सगळ्यांनी श्वास रोखून धरले.

काही नाही. तीन परक्या माणसांचे बूट पाहून उंदीर भोकात दबा धरून बसला होता.

“अप्रतिम वादन,” थ्वेट म्हणाला. “बिस्किटाविना तर फारच.”

ऑर्मरॉडचे कान लाल झाले. त्याने हात मागे बांधले. खरं सांगून टाकायचं त्याने ठरवलं, आणि तो म्हणालाही, “मेजर, मला एक सांगायचं आहे.”

“थांबा,” फ्रेनसाहेब म्हणाले. “पुन्हा लावा.”

“पण ऐकू आलं नाही ना,” मेजर म्हणाले.

“मला पुन्हा ऐकायचंय. मी जवळ बसतो.” आणि त्यांनी खुर्ची ओढून कान अगदी कर्ण्याच्या तोंडाशी नेला. एवढ्या मोठ्या वादकाने असं का करावं, हे ऑर्मरॉडला कळेना. कळेना म्हटल्यावर अर्थातच त्याला राहवेना. कबुली बाजूला राहिली, आणि त्याने नवा काटा बसवला.

पियानो थांबला. चेलो खाली, आणखी खाली. कर्णा थरथरला.

कुर्र. कुर्र कुर्र.

मेजरचा बरा कान हलला. थ्वेटने डबी उचलून गुपचूप खिशात टाकली. आणि फ्रेनसाहेबांचा चेहरा असा उतरला, की हेस्टर पाणी आणायला उठली.

“पण मी ते चावलंच नव्हतं,” फ्रेनसाहेब हळूच म्हणाले. “जिभेवर ठेवलं होतं नुसतं. विरघळू दिलं होतं.”

हेस्टरने पाण्याचा पेला त्यांच्यापुढे ठेवला.

“वैद्याने बंद केलंय, बायको खिसे तपासते. मी कोटाच्या अस्तरात ठेवतो. त्या जागी मला लांब विसावा आहे, डावा हात मोकळा असतो. माझ्या शेजारी बसलेल्या चेलोवाल्याला कळलं नाही, आणि तुम्हाला इथे क्रॉयडनमध्ये ऐकू आलं?” त्यांनी उठून ऑर्मरॉडचा हात दोन्ही हातांत धरला. “साहेब, असा कान मी पाहिला नाही. फक्त माझ्या बायकोला काही सांगू नका.”

आता बघा. आळ घेतला तो खरा निघाला, पुरावा मात्र उंदराने रचलेला. ऑर्मरॉड हात हलवत राहिला.  तेवढ्यात तबकडी संपली, मोकळ्या हाताने त्याने काटा उचलला, आणि त्या शांततेत, चेलो नाही, पियानो नाही, काही नाही, तरी:

कुर्र. कुर्र कुर्र.

उंदराची तंद्री लागली होती. थ्वेटची मान कर्ण्याकडे वळली. एक पाऊल त्याने पुढे टाकलंही.

तोच हेस्टरने बशीतलं बिस्किट उचललं आणि दाणकन दातांखाली फोडलं. “माफ करा हं,” ती तोंड भरून म्हणाली, “तुमचं बोलणं ऐकून मलाच राहवलं नाही. घ्या ना, मिस्टर थ्वेट.” आणि तिने बशीच त्याच्या छातीशी धरली. थ्वेटला घ्यावं लागलं. मेजरनी घेतलं. फ्रेनसाहेबांनी इकडेतिकडे पाहून दोन घेतली. चौघांच्या चावण्यात पाचव्याचं चावणं बुडालं.

सदर राहिलं. जाहिराती परत आल्या. जूनच्या अंकात फ्रेनसाहेबांनी लिहिलं, की ऑर्मरॉड यांचं परीक्षण तपशिलासकट अचूक आहे, याहून अधिक बोलण्याची इच्छा नाही. थ्वेट वर्षभरात काटेवाल्यांना येऊन मिळाला. आणि ऑर्मरॉड? त्याने भोक बुजवलं नाही. नवी तबकडी आली की आधी उंदराला ऐकवायची, असा त्याने नेमच केला. खर्ज भरदार असेल तर उंदीर खायचा, पोकळ असेल तर खायचा नाही. वाचक म्हणू लागले, की अलीकडे ऑर्मरॉडसाहेबांची जाण फार खोल गेली आहे. एका प्राध्यापकाने त्यावर व्याख्यान दिलं.

उंदीर डिरेक्टरीच्या शेवटच्या पानापर्यंत पोचला आणि म्हातारपणाने त्याच कर्ण्यात गेला. मी स्वतः पाहिलाय तो कर्णा, हेस्टरबाईंनी दाखवला, नुसता काठ उरला होता. तीन वर्षं, मंडळी, सकाळ दुपार संध्याकाळ त्या कर्ण्यात तो एकटा राहिला, आणि त्याच्या केसालाही कुणाचा धक्का लागला नाही.

मिस डॉब्सनी शेवटची तबकडी पाकिटात घातली, फडक्याची घडी केली आणि विचारलं, “आणि हेस्टरबाईंचं ते गलेलठ्ठ मांजर तीन वर्षं दुपारचं कुठे झोपत होतं?”